चाकणची नोकरी सोडून अर्जंट मालाच्या गाडीवर यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला ९ वर्षं. हातात २४,००० रुपये पगार. घरी बायको आणि पहिलीतली मुलगी, गावी शुगर असलेले वडील. कंपनीच्या गेटवरून रात्री-अपरात्री तामिळनाडूत होसूरला, गुजरातेत साणंदला सुटणाऱ्या अर्जंट गाड्या तुम्ही रोज बघता, त्यांची भाडी कानावर येतात. ४ लाख साठले आहेत, तेवढे भरून आपणही चौदा फुटी (चौदा फूट लांब बॉडीचा ट्रक) घ्यावी असं वाटतंय. घ्यावी का?

मी या कामात २१ वर्षं आहे. पहिली सात दुसऱ्याच्या गाडीवर काढली, मग स्वतःची एक घेतली, आज तीन आहेत. माझं उत्तर असं आहे की कामात जरूर या, पण गाडी घेऊन येऊ नका. आधी तीन-चार महिने कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून काढा. तेही शक्यतो नोकरीचा राजीनामा न देता, साठलेल्या रजा आणि सुट्या वापरून सुरुवात करा. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण गेल्या चार-पाच वर्षांत तुमच्यासारखे चांगले, हुशार, निर्व्यसनी लोक मी गाडीचे हप्ते थकवून पुन्हा कंत्राटी नोकरीला लागलेले पाहिले आहेत. त्यांच्यात मेहनतीची कमी नव्हती. त्यांना हे काम बाहेरून दिसलं होतं, तसंच तुम्हाला आज दिसतंय.

बाहेरून दिसतो तो वेग. रात्री गाडी भरली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होसूरला पोचली, म्हणजे ड्रायव्हरने गाडी पळवली असणार असं वाटतं. पण मालवाहू गाडीला हायवेला ताशी ८० ची मर्यादा आहे, स्पीड गव्हर्नर बसवलेला आहे, आणि घाट, टोल, डायव्हर्शन धरून चौदा फुटीचा सरासरी वेग ५० च्या पुढे फारसा जात नाही. साध्या भाड्याची गाडी रस्त्यावर जेवढी पळते तेवढीच अर्जंटची पळते. फरक इतकाच की अर्जंटची गाडी फोन आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात गेटवर लागते आणि माल पोचेपर्यंत विनाकारण थांबत नाही. कंपनी जास्तीचे पैसे देते ते तुम्ही तयार असण्याचे. डिझेल भरलेलं, कागद पुरे, झोप झालेली, बॅग गाडीत, फोन चालू. आणि हे तयार असणं आठ-आठ दिवस एकही फोन न येताही चालू ठेवावं लागतं. या कामातला खरा ताण तोच आहे.

एक ट्रिप जवळून दाखवतो, म्हणजे कल्पना येईल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री ११ ला फोन. एका कंपनीची लॉट होसूरला रिजेक्ट झाली होती आणि तिथल्या लाइनला दुसऱ्या दिवशी रात्रीच्या शिफ्टपुरताच माल शिल्लक होता. मी आणि माझा जोडीदार ड्रायव्हर साडेअकराला गेटवर. सेफ्टी शूज, हेल्मेट, जॅकेट घातल्याशिवाय आत सोडत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. आत गेलो तर माल अजून मशिनवरून उतरत होता. मुली टेबलावर एकेक ब्रॅकेट हातात घेऊन तपासत होत्या, तपासलेल्यावर हिरव्या पेनाने ठिपका देत होत्या आणि प्लॅनिंगचा माणूस दर पाच मिनिटांनी बिन (पार्ट भरलेले खोके) मोजत होता. पहिला बिन गाडीत चढला १२ वाजून ५० मिनिटांनी, शेवटचा १ वाजून ४० ला. चौदा फुटीत चार टन माल बसतो, आमच्या गाडीत त्या रात्री जेमतेम साडेतीनशे किलो होता. सिक्युरिटीने सील मारलं, सीलचा नंबर मालाच्या चलनावर लिहिला, आम्ही निघालो.

खंबाटकी घाट धरून कागलपर्यंत मी चालवली. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची वळणं, पाऊस, बॅरिकेडचे दिवे बंद. कागलला सकाळी साडेसातला चहा घेतला आणि स्टेअरिंग जोडीदाराकडे दिलं. मी मागच्या फळीवर झोपलो तो हुबळी-धारवाड बायपासला जागा झालो. चित्रदुर्गच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा तीन वाजले होते. तुमकूर, नेलमंगला, मग नाइस रोडने बंगळूरच्या बाहेरून अत्तिबेले, आणि सव्वाआठला होसूरच्या गेटवर. तेवढ्या वेळात प्लॅनिंगचे एकोणीस फोन आले. गेटवर त्यांचा माणूस ट्रॉली घेऊन उभा होता. बिन उतरवायला वीस मिनिटं लागली. पोच घेतली, शिक्का मारला, फोटो काढून पाठवला.

ही झाली जमलेली ट्रिप. आता तिच्या पोटातला हिशोब बघू. आकडे अंदाजे धरले आहेत, तुम्ही तुमच्या गाडीचे आणि त्या आठवड्यातल्या भावाचे घालून बघा.

चाकण ते होसूर साधारण ९०० किलोमीटर. अर्जंटचं भाडं ३२,००० धरू. भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज ९ धरलं तर १०० लिटर डिझेल, म्हणजे ९,१०० रुपये. टोल २,२००. जोडीदार ड्रायव्हरचे जाऊन-येऊन ४,०००. जेवण, हमाली, किरकोळ १,२००. उरले १५,५००. हे तुम्ही ऐकता ते. कंपनीच्या गेटवर उभं राहून एवढंच ऐकू येतं.

आता गाडी परत आणायची आहे. होसूरहून रिकामी आणली तर डिझेल ८,२०० आणि टोल २,२००, मिळून १०,४००. शिल्लक ५,१००. अजून एक खर्च आहे, जो त्या दिवशी खिशातून जात नाही म्हणून नवा माणूस धरतच नाही. टायर, ऑइल, क्लच, ब्रेक लायनर, युरिया (धूर साफ करायला टाकीत घालतात तो), सर्व्हिसिंग. मी किलोमीटरला अडीच रुपये बाजूला काढतो. १,८०० किलोमीटरचे ४,५००. म्हणजे ३२,००० च्या ट्रिपचे, दोन दिवस दोन रात्रींचे, हातात राहिले ६०० रुपये.

आणि तिकडे एक दिवस थांबून परतीचं साधं भाडं मिळालं, समजा १७,००० चं, तर? भरलेली गाडी आली म्हणून डिझेल पुन्हा ९,१००, दलाली आणि हमाली धरून किरकोळ खर्च दुप्पट. सगळं वजा करून १५,५०० राहतात. म्हणजे तुमची कमाई जाताना होतच नाही, येताना होते. आणि परतीचं भाडं मिळवून देणारी माणसं ना तुमच्या ओळखीची आहेत, ना तुमच्या भाषेची. होसूरला, श्रीपेरुंबुदूरला, साणंदला कोणता ट्रान्सपोर्टर परतीचा माल खरोखर देतो, कोण नुसता दोन दिवस थांबवून ठेवतो, कोण पोचल्या दिवशी पैसे देतो, ही माहिती गाडी घेऊन मिळत नाही. दुसऱ्याच्या गाडीवर पन्नास फेऱ्या मारून मिळते. मी आधी ड्रायव्हरकी करायला सांगतोय त्याचं पहिलं कारण हे.

महिन्याचा हिशोबही मांडतो. नवी चौदा फुटी बंद बॉडीसकट २० लाखांना पडली आणि तुम्ही ४ लाख भरले, तर १६ लाखांचं कर्ज. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ३४,४०० च्या आसपास. विमा, टॅक्स, परमिट, फिटनेस मिळून महिन्याला ६,००० धरा. महिन्यात पाच लांबच्या फेऱ्या मिळाल्या, त्यातल्या तीन परतीच्या मालासकट आणि दोन रिकाम्या परत, तर ४७,७०० होतात. त्यातून हप्ता आणि हे ६,००० गेले की तुमच्या हातात ७,३००. आज २४,००० आहेत, शिवाय कंपनीचा पीएफमधला वाटा, बोनस आणि मेडिक्लेम. आणि हा महिना मी चांगला धरला आहे. दिवाळीची सुटी, डिसेंबरअखेर कारखान्यांचं शटडाउन, बाजार मंद असलेला एखादा महिना यात नाही.

मग मी तीन गाड्या कशा चालवतो? दोन गाड्यांचे हप्ते संपलेले आहेत, आणि माझं निम्म्याहून जास्त काम लांबचं नाहीच. हे दुसरं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

अर्जंट म्हटलं की सगळ्यांना होसूर, चेन्नई, पंतनगर दिसतं. पण चाकण, रांजणगाव, वाळूज, नाशिक, कोल्हापूर, सुपे या पट्ट्यात रोज रात्री किती तरी छोट्या अर्जंट गाड्या फिरतात. दोनशे किलो, चारशे किलो माल, पिकअपचं काम. चाकणहून वाळूज सव्वादोनशे किलोमीटर. रात्री ९ ला निघालं तर पहाटे तीनच्या आत माल खाली. तिथेच चार-पाच तास झोपून दुपारी घरी. भाडं ८,५०० धरा. जाऊन-येऊन डिझेल ३,१५०, टोल आणि जेवण हजारेक, झीज ७००. रिकामे परत आलात तरी साडेतीन हजार राहतात. लांबच्या ट्रिपच्या रिकाम्या परतीशी ताडून बघा. अंतर कमी असलं की रिकामी परत जीव घेत नाही.

चांगल्या स्थितीतली वापरलेली पिकअप घेतली आणि ४ लाख कर्ज काढलं, तर १४ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता १३,७०० पडतो. विम्याचे महिन्याला साडेतीन हजार. महिन्यात अशा बारा फेऱ्या मिळाल्या तर हप्ता जाऊन २५,००० च्या आसपास सुटतात. तुमच्या पगाराएवढेच, वर काही नाही. पण तीन वर्षांनी गाडी तुमची असते, आठवड्यातल्या चार-पाच रात्री घरी असता, आणि मुख्य म्हणजे घर गहाण पडलेलं नसतं. शिवाय एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. घेताना आरसीवरचा एकूण वजनाचा आकडा स्वतः वाचा, विकणारा सांगेल त्यावर जाऊ नका, कारण एकाच नावाच्या पिकअपचे वेगवेगळ्या वजनाचे प्रकार आहेत.

आता झोपेबद्दल. हे मी मनापासून लिहितोय, घाईत वाचू नका.

२०११ च्या हिवाळ्यात मी एकटा चेन्नईहून रिकामा परत येत होतो. एका ट्रान्सपोर्टरने सकाळी दहाला चाकणला दुसरी ट्रिप लावली होती, ती सोडायची नव्हती. आदल्या दिवशी पहाटे पाचला उठलो होतो. दुपारी झोपलो नाही कारण गेटवर नंबर लागला होता. हावेरीच्या अलीकडे पहाटे चारला मला आठवतंय की समोर पांढरी पट्टी होती. त्यानंतरचं आठवतं ते डाव्या चाकाखालच्या खडीचा आवाज. डावा आरसा रेलिंगला लागून निघून गेला होता. गाडी थांबवली तेव्हा पाय इतके थरथरत होते की खाली उतरता येईना. रस्त्याच्या कडेला तेव्हा कुणी चालत नव्हतं, एवढंच दैव. कुणी असतं तर आज मी हे लिहीत नसतो.

तेव्हा मी २३ तास जागा होतो. पुढे कळलं की सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा ०.०३ टक्क्यांच्या पुढे लागतो. म्हणजे थेंबही न घेतलेला ड्रायव्हर कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी हाकत असतो, आणि त्याला पकडायला कुठलंही मशीन नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. रस्त्यावर हे पाळलं जात नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण तुम्ही स्वतःसाठी पाळायचं ठरवू शकता. माझ्या गाड्यांचा नियम असा: ६०० किलोमीटरच्या पुढच्या ट्रिपला दोन ड्रायव्हर. भाड्यात दुसरा ड्रायव्हर बसत नसेल तर ट्रिप घ्यायची नाही. रात्री निघायचं असेल तर दुपारी किमान तीन तास झोपलेला माणूसच स्टेअरिंगवर. रात्री दोन ते पाच या वेळात डोळे दोनदा जड झाले की पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावायची, चाळीस मिनिटं झोपायचं, आणि प्लॅनिंगला फोन करून सांगायचं की माल इतका उशिरा येईल. असं सांगितल्यामुळे माझं एक गिऱ्हाईक तुटलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्ही घोरता का, दिवसा बसल्या-बसल्या झोप लागते का, हे बायकोला विचारा. उत्तर हो आलं तर आधी डॉक्टरांकडे जा. वडिलांना शुगर आहे म्हणजे तुमचीही एकदा तपासून घ्या. ढाब्यावरचं जेवण, अवेळी झोप आणि बसून-बसून काम याने ती लवकर वर येते. कंबर आणि मूळव्याध या तर आमच्या धंद्यातल्या घरोघरच्या गोष्टी आहेत, कुणी बोलत नाही एवढंच.

कागदांचं पटकन सांगतो. तुमच्याकडे हलक्या वाहनाचं लायसन आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी या लायसनवर चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही. पिकअप आणि बहुतेक चौदा फुट्या यात बसतात. तरी बरेच ट्रान्सपोर्टर ट्रान्सपोर्टचं लायसन मागतात, म्हणून ते काढूनच ठेवा. पुढे बत्तीस फुटी कंटेनरवर जायचं असेल तर जड वाहनाचं लायसन लागेल. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, त्यामुळे अर्जंटच्या गाडीचं बिल सहसा संपत नाही. अडचण येते ती गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर. नव्या गाडीचा नंबर बिलाच्या भाग ब मध्ये चढवल्याशिवाय चाक हलवू नका. आणि गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही. मालाचा विमा कोणाचा आहे हे भरण्याआधी विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

पैसे अडकणं हा या धंद्यातला जुना आजार आहे. तुम्ही कंपनीचं काम थेट क्वचितच घ्याल. मध्ये ट्रान्सपोर्टर असतो, कधी त्याच्याही मध्ये दलाल असतो. निघताना डिझेलपुरता ॲडव्हान्स, बाकी पोच दिल्यावर. ही बाकी पंधरा दिवस, महिना, तीन महिने लांबते. स्वतःची पहिली गाडी असताना एका ट्रान्सपोर्टरकडे माझे ४१,००० रुपये चार महिने अडकले आणि मी दोन हप्ते बायकोच्या बांगड्या ठेवून भरले. तेव्हापासून एका माणसाकडे दोन ट्रिपपेक्षा जास्त बाकी ठेवत नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

उद्यमची, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी करा. ती मोफत आहे. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. आणि १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या आकारणी वर्षापासून असे थकवलेले पैसे कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाहीत. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट खात्याला आता उद्यमचा नंबर दिसला की जाग येते. इन्कम टॅक्सलाही एक सोय आहे: दहापर्यंत गाड्या असलेल्याला वह्या न ठेवता गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखवता येतं, हलक्या गाडीला महिन्याला ७,५००. पॅन आणि डिक्लरेशन दिलंत तर भाड्यातून टीडीएसही कापला जात नाही. हे फॉर्म पहिल्याच दिवशी द्या, नंतर कापलेले पैसे परत मिळवत बसावं लागतं.

आता तुमच्या बाजूची गोष्ट, जी तुम्ही प्रश्नात लिहिलीच नाहीत. तुम्ही ९ वर्षं क्वालिटीला आहात. या धंद्यात ते सोनं आहे.

काही वर्षांपूर्वी मी रात्री चौदा बिन घेऊन होसूरला गेलो. बिनवर लेबल डाव्या बाजूच्या पार्टचं, चलनावरही तेच. तिथे उघडलं तर चौदाच्या चौदा बिनमध्ये उजव्या बाजूचा माल. डावा आणि उजवा ब्रॅकेट शेजारी ठेवला तर शेंबड्या पोरालाही कळेल, पण एकटा हातात आला तर मला काय कळणार? मी बिन मोजले, सील बघितलं आणि निघालो. लाइन थांबली. पाठवणाऱ्या कंपनीने ट्रान्सपोर्टरवर ढकललं, ट्रान्सपोर्टरने माझी बाकी दोन महिने दाबून ठेवली. माझा दोष नव्हता हे सगळ्यांना मान्य होतं, तरी पैसे माझेच थांबले.

माल भरताना त्या डॉकवर तुम्ही असता तर? एक बिन उघडून एक पार्ट हातात घेतला असता आणि लेबल, चलन, पार्ट नंबर ताडून तिथेच थांबवलं असतं. रिजेक्शन, सॉर्टिंग, डेव्हिएशन, बॅच ही सगळी भाषा तुमची रोजची आहे. होसूरच्या क्वालिटीवाल्याने माल अडवला तर तुम्ही त्याच्याशी बोलू शकता, इकडे फोटो पाठवून काय हवंय ते नेमकं सांगू शकता. असा ड्रायव्हर प्लॅनिंगच्या माणसाला एकदा मिळाला की तो रात्री पहिला फोन त्यालाच करतो आणि पाचशे रुपयांवरून घासाघीस करत नाही. माझ्याकडे आज असा माणूस आला तर मी त्याला नेहमीच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त पगार देईन. हे तोंडदेखलं लिहीत नाही.

म्हणून मला वाटतं की तुमची जागा नव्या चौदा फुटीच्या हप्त्याखाली नाही. ती पिकअपमध्ये आहे, चाकणच्या तीनशे किलोमीटरच्या आत, अशा दोन-तीन कंपन्यांच्या कामात जिथे माल नाजूक आहे आणि चूक महाग पडते. तुमच्या सध्याच्या कंपनीतून चांगल्या संबंधांनी बाहेर पडलात तर पहिलं गिऱ्हाईक तीच असेल. ती सोडून जाताना कुणाशीही वाकडं होऊ देऊ नका.

घरच्यांशी बोलताना एक गोष्ट टाळू नका. तुम्ही कमाईबद्दल बोलाल, पण बायकोला प्रश्न वेगळा पडणार आहे. मुलीला ताप आला आणि तुम्ही चित्रदुर्गला असलात, तर? वडिलांना दवाखान्यात न्यायचं आहे आणि गाडीत सील लागलेलं आहे, तर? माझ्या धाकट्याच्या बारशाला मी निपाणीजवळच्या एका पंपावर होतो. फोनवर पाळण्याचं गाणं ऐकलं. बायकोने तो दिवस आजही बोलून दाखवलेला नाही, आणि मीही विसरलेलो नाही. कोणत्या दिवशी फोन बंद ठेवायचा हे आधी दोघांनी मिळून ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे आता असे वर्षाचे अकरा दिवस आहेत. त्या दिवशी कितीही भाडं आलं तरी गाडी हलत नाही.

४ लाखांपैकी दीड लाख वेगळ्या खात्यात टाका आणि ते गाडीचे पैसे नाहीत असं धरा. ते घरखर्चासाठी आहेत. उरलेल्यातून, तेही तीन-चार महिने ड्रायव्हरकी करून मन खंबीर राहिलं तरच, वापरलेली पिकअप बघा. बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक न्या. इंजिन थंड असताना पहिला स्टार्टर तुमच्यासमोर मारायला लावा, आणि चेसिस नंबर हाताने पुसून आरसीशी जुळवा. दंडाची चलनं थकलेली नाहीत, आधीचं कर्ज आरसीवरून उतरलेलं आहे, हे ऑनलाइन तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

आणि त्याआधी, येत्या आठवड्यात, एक काम करा. तुमची सेकंड शिफ्ट सुटली की घरी जाऊ नका. दुसऱ्या दिवशीची रजा टाका आणि तुमच्याच गेटवर उभ्या असलेल्या वाळूजच्या किंवा नाशिकच्या एखाद्या पिकअपवाल्याला विचारा की बरोबर येऊ का. बहुतेक जण हो म्हणतात, रात्री बोलायला माणूस हवाच असतो. जाताना गप्पा मारा, पण पहाटे तीनला, माल उतरल्यावर, त्याच्या वहीत डिझेल, टोल आणि बाकीचे आकडे कसे लिहिलेत ते दाखवायला सांगा. वही असलेला माणूस भेटला तर त्याच्याच गाडीवर पहिले तीन महिने काढा. वही नसेल तर पुढच्या गाडीवाल्याला विचारा.